रस्त्यापुरता कचरा

एका जंगलात, बाळांनो, कचराच नव्हता. हसताय काय? खरंच नव्हता! तिथले प्राणी पळसाच्या पानावर जेवायचे आणि मग ते पानही खाऊन टाकायचे. मागासलेलेच होते बिचारे.

तिथे एक सांबरीण राहायची. तिचं पाडस एका पायाने अधू होतं. रोज लेप लावला तर पाय सुधारेल, असं साळिंदरवैद्य म्हणाले होते. नाहीतर ते जन्मभर लंगडणार. आणि लंगड्या सांबराचं जंगलात काय होतं, ते मी सांगायला नको. पण वैद्य राहायचे डोंगरापलीकडे आणि वाटेत नुसता चिखल. म्हणून ती बांधकाम खात्याच्या तरससाहेबांकडे गेली.

"साहेब, रस्ता द्या हो. माझ्या लेकराच्या पायाचा प्रश्न आहे."

"अहो बाई, हल्ली आम्ही डांबरात प्लास्टिकचा कचरा मिसळतो. पर्यावरण वाचतं! तुमचा कचरा किती निघतो?"

"आमच्याकडे कचरा नसतो, साहेब."

तरससाहेब दचकलेच. "नसतो? मग पर्यावरण वाचवायचं कसं? त्या शेजारच्या जंगलातल्या माकडांकडे बघा. कचऱ्याचे ढीग! दोन रस्ते मंजूर केले त्यांना."

"पण माकडं तर झाडांवरून जातात!"

"जाईनात का! नियमात बसतात."

"मग त्यांचाच थोडा कचरा आणू?"

"छे छे! कचरा स्वतःचा हवा."

सांबरीण रडत घरी आली. तिचं रडणं कुणाला बघवेना. सगळे कामाला लागले. करवंदं पिशव्यांतून येऊ लागली. झऱ्याचं पाणी बाटलीत भरून झऱ्याकाठीच पिऊ लागले. अस्वलाने तर मधाच्या एवढ्या एवढ्या पुड्या काढल्या. बघता बघता ढीग लागला. किती गुणी प्राणी, नाही?

रस्ता झाला. काळाभोर, गुळगुळीत! उद्घाटनाच्या पाहुण्यांनी आणखी एका रस्त्यापुरत्या बाटल्या फेकल्या. रोज लेप मिळून पाडसाचा पायही सुधारला. सांबरीण तरससाहेबांच्या पाया पडली. पिशव्यांची सवय मात्र जंगलाला लागली ती लागलीच.

एके दिवशी पाडस काही खाईना. पोट टम्म फुगलं. त्याला पाठीवर घेऊन सांबरीण धावत सुटली. कुठे चिखल नाही, कुठे खड्डा नाही.

वैद्यांनी पोट चाचपलं. "पिशव्या गेल्यात पोटात, बाई. यावर माझ्याकडे लेप नाही."

"पण मी लवकर आले ना हो?"

"आलात ना. रस्ता फार छान झालाय."

तात्पर्य : बाळांनो, कचरा भरपूर करावा. त्याने दवाखान्यापर्यंत रस्ता मिळतो, आणि दवाखान्यात जायला कारणही मिळतं.