चारचौघांत केस फुलवू नयेत

एका जंगलात सशांची एक वसाहत होती आणि तिथल्या शोकसभा फार छान होत.

हसू नका. तुमच्या गल्लीत कोणाकडे गणपती छान होतो, कोणाकडे हळदीकुंकू छान होतं, तसं त्यांच्याकडे हे. शिवाय त्यांना सराव भरपूर होता. ओढ्यापलीकडच्या वारुळात एक नाग राहायचा. दर पंधरा दिवसांनी, भर दुपारी, सगळे आडवे झाले की तो यायचा, एखाद्या बिळात शिरायचा आणि एक पिल्लू गिळून निघून जायचा.

'गिळलं' असं वसाहतीत कोणी म्हणत नसे. ते बरं दिसत नाही. पिल्लू 'पलीकडे गेलं' असं म्हणत. नागालाही नाग म्हणत नसत. 'पलीकडचे' म्हणत. 'आज पलीकडचे येऊन गेले.' बघा, किती मर्यादशील प्राणी.

संध्याकाळी सभा. करवंदीच्या जाळीसमोर पळसाचं एक मोठं पान उभं करायचे. त्यावर मधोमध अध्यक्ष भाऊसाहेब लांबकाने यांचं हात जोडलेलं चित्र असे. खाली कोपऱ्यात पिल्लाचं. त्याखाली 'शोकाकुल' म्हणून सत्तावीस नावं. नावं मागेपुढे झाली तर रुसवेफुगवे होत, आणि त्या गडबडीत दोनतीनदा पिल्लाचंच नाव घालायचं राहून गेलं होतं.

मग सगळ्यांनी दोन मिनिटं कान पाडून बसायचं. कोणाचे कान नीट पडले नाहीत हे बघायला एक कान समिती होती. मग भाषणं. मग हरळीच्या कोवळ्या कोंबांचं वाटप. चार घरचे ससे एकत्र जमत, त्यामुळे पुष्कळांची लग्नंसुद्धा तिथेच जुळत. मागच्या रांगेतल्यांनो, खुदुखुदु करू नका. तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांचं कुठे जुळलं.

तर एका उन्हाळ्यात जंगलाला वणवा लागला. त्या धुरातून एक होरपळलेलं पिल्लू धडपडत वसाहतीत आलं. ते मुंगसाचं पिल्लू होतं.

सशांनी त्याला ठेवून घेतलं. ससे मुळात प्रेमळच. दुर्वामावशी नावाच्या सशिणीने त्याला आपल्या पोटाशी घेतलं. तिची चार पिल्लं एकामागोमाग एक पलीकडे गेली होती आणि तिचं बीळ रिकामं होतं. तिने त्याचं नाव मुकुंद ठेवलं.

इथे एक गोष्ट नीट ऐका. तो मुंगूस आहे हे वसाहतीत सगळ्यांना माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. मुंगूस नागाचं काय करतो हेही माहीत होतं. या गोष्टीत अडाणी कोणीच नाही.

मुकुंद थोडा मोठा झाला तेव्हाची गोष्ट. एका दुपारी नाग ओढ्यावरून सळसळत आला. मुकुंदला तो दिसायच्या आधी त्याचा वास आला. त्याच्या अंगावरचा केस न् केस उभा राहिला. शेपटी फुलली. डोळे लाल झाले.

"अगं बाई!" दुर्वामावशीने त्याला आत ओढलं आणि पाठीवरून पंजा फिरवून केस बसवले. "हे काय मुकुंदा? चारचौघांत असे केस फुलवू नयेत. लोक काय म्हणतील?"

"पण मावशी, आपोआप फुलतात."

"आपोआप सगळ्यांचंच काही ना काही होतं. दाबायचं असतं ते. शहाणा ना तू?"

मुकुंद शहाणा होता. त्याने दाबायला सुरुवात केली. हरळीने त्याचं पोट दुखायचं, पण पंगतीत तो हरळीच खायचा. जाळीमागे जाऊन गुपचूप टोळ आणि बेडूक खायचा आणि परत येताना हरळी चावायचा, म्हणजे तोंडाला वास येत नाही. त्याचे कान एवढुसे, पण सभेत तो तेही मन लावून पाडायचा. कान समितीने एकदा त्याचा खास उल्लेख केला होता.

पुढे एकदा मात्र त्याच्याकडून चूक झाली. सभा चालू होती. भाऊसाहेब म्हणाले, "कोणाला काही सूचना मांडायची असल्यास मांडावी." असं ते दर सभेत म्हणत. कोणी काही मांडत नसे. मुकुंद उभा राहिला.

"मी पलीकडच्यांना पकडू का?"

कुठेतरी कोंब खाण्याचा कुरकुर आवाज येत होता, तो थांबला.

भाऊसाहेब बोलले. रागावून नाही, अगदी मायेने बोलले. "मुकुंदा, तू आमचाच आहेस. पण आमच्यात पकडत नाहीत."

"पकडलं तर पिल्लं वाचतील."

"पिल्लांचा प्रश्न वेगळा आहे. आज तू पलीकडच्यांना पकडशील. उद्या आमच्यातल्या पोरांना वाटेल, आपणही कोणाला तरी पकडावं. मग आपल्यात आणि पलीकडच्यांत फरक काय राहिला?"

"आणि सभेचं काय?" शोकसभा समितीचे चिटणीस पुटपुटले. त्यांच्याकडे सगळ्यांनी रोखून पाहिलं, कारण हे मोठ्याने बोलायचं नव्हतं.

मुकुंदला कोणी शिक्षा केली नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं.

मुलांनो, त्या वसाहतीत सकाळी एकमेकांना भेटलं की "काय, चरलात का?" असं विचारायची पद्धत होती. मुकुंद बाहेर आला की समोरचा ससा आभाळाकडे बघायचा. मुकुंद म्हणायचा, "काय काका, चरलात का?" काका आभाळातल्या ढगाला म्हणायचे, "पाऊस नाही वाटतं आज." पोरं त्याला लपंडावात घेत नव्हती. तो जाऊन लपायचा, पण त्याला शोधायला कोणी येतच नसे. एकदा तो अख्खी दुपार एका बुंध्यामागे बसून राहिला. तो मुंगूस होता, सात नागांशी झुंजला असता. पण एका 'चरलात का'वाचून आठ दिवसांत वाळला.

नवव्या दिवशी दुर्वामावशी म्हणाली, "जा, माफी माग. आणि चार शब्द बोल सभेत. बरं वाटेल तुलाच."

त्याने माफी मागितली. चार शब्द बोलला. गेले आठ दिवस तो इतका रडवेला झाला होता की बोलताबोलता खरंच रडला. त्याला रडताना बघून सगळी सभा रडली. आपण कशासाठी रडतोय हे कोणी विचारलं नाही. भाषण संपल्यावर भाऊसाहेबांनी त्याच्या पाठीवर पंजा ठेवला आणि म्हणाले, "काय मुकुंदराव, चरलात का?"

त्या क्षणी मुकुंदला जो आनंद झाला, तसा त्याला पुन्हा कधी झाला नाही. मला त्याची कीव येते. तुम्हालाही येईल, पण तुम्ही अजून लहान आहात.

त्यानंतर मुकुंदरावांशिवाय सभा होईना. आवाज बारीक, पण भेदक. "आज आपल्यातून एक कोवळा कोंब खुडला गेला," अशी सुरुवात केली की बायका पहिल्याच वाक्याला हुंदके द्यायच्या. शेजारच्या टेकडीवरून आमंत्रणं येऊ लागली. ज्यांच्याकडचं अजून कोणी गेलं नव्हतं, तेही विचारू लागले, "आमच्याकडे काही झालं तर मुकुंदराव येतील ना?" त्यांना सभेच्या मंचावर भाऊसाहेबांच्या शेजारची जागा मिळाली. पळसाच्या पानावर त्यांचंही चित्र येऊ लागलं.

याच सुमारास दुर्वामावशीला उतारवयात एक पिल्लू झालं. एकच. तिचं नाव इवली. पांढरीशुभ्र, नाकावर करडा टिळा. तिला अजून धड उडी मारता येत नव्हती. मावशी तिला घेऊन बिळाच्या अगदी आतल्या टोकाशी बसून राही. पंधरा दिवस भरत आले तसं तिचं अन्नावरचं मन उडालं.

चौदाव्या दिवशी सकाळी ती मुकुंदरावांकडे आली. ते दुसऱ्या दिवशीच्या भाषणाची तयारी करत होते. कोण जाणार हे ठरलेलं नव्हतं, पण भाषण कोणालाही लागू पडेल असंच असे.

"मुकुंदा," मावशी म्हणाली, "मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही."

"मावशी, काय हे. माग ना."

"उद्या दुपारी माझ्या बिळाच्या तोंडाशी बस. काही पकडू नकोस. मारू नकोस. नुसता बस. सगळे झोपलेले असतात, कोणी बघणार नाही." मग तिचा आवाज फुटला. "ही एकच राहिली आहे रे."

मुकुंदरावांना हुंदका आला. भाषणातला नव्हे, खरा. "बसेन," ते म्हणाले.

आणि ते खरंच बसले. दुपारी ऊन रणरणत होतं. पान हलत नव्हतं. नाग ओढा ओलांडून आला. दोन बिळं सोडून सरळ दुर्वामावशीच्या बिळाकडे वळला, आणि समोर मुंगूस बघून थबकला.

मुकुंदरावांनी काही केलं नाही. त्यांचे केस आपोआप उभे राहिले. इतक्या वर्षांनी राहिले. शेपटी फुलली. ओठ मागे सरून दात दिसले.

नागाला त्याच्या आईने लहानपणी एकच गोष्ट शिकवली होती. ती त्याला आठवली. त्याने काढलेला फणा हळूच मिटवला. तो मागे सरकू लागला. एक वीत. दोन विती. बिळातून मावशीचा श्वास ऐकू येत होता.

आणि तेवढ्यात कोणीतरी खाकरलं.

दुपारी सगळे झोपतात, असं सगळ्यांनी ठरवलेलं होतं एवढंच. झोपत कोणीच नसे. प्रत्येक बिळाच्या तोंडाशी दोन दोन डोळे होते. कोणी ओरडलं नाही, धमकी दिली नाही. भाऊसाहेबांनी फक्त हलकेच म्हटलं, "मुकुंदराव, केस."

मुकुंदरावांनी इकडेतिकडे पाहिलं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. समोरच्या बिळातल्या काकांनी मान वर केली आणि ते आभाळाकडे बघू लागले.

मुकुंदरावांनी पाठीवरून पंजा फिरवला. केस बसवले. शेपटी आवरली. नाग मागे सरकायचा थांबला होता.

"काही अडचण असेल तर नंतर येतो," नाग म्हणाला. तोही घाबरलेला होता.

"छे, छे," मुकुंदराव म्हणाले. "अडचण कसली." आणि ते जरा बाजूला सरकले.

इथे मला दरवेळी राग येतो. ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल, तरी इथे आलो की वाटतं, या वेळी तो सरकणार नाही. पण तो सरकतो.

संध्याकाळच्या सभेला अलोट गर्दी झाली. शेजारच्या टेकडीवरूनही ससे आले होते. मुकुंदराव असे बोलले, असे बोलले की त्याआधी कधी तसे बोलले नव्हते. "इवली गेली नाही," ते म्हणाले, "ती आपल्या प्रत्येकाच्या कानाच्या टोकाशी थरथरते आहे!" तीन सशिणींना भोवळ आली. मुकुंदरावांच्या स्वतःच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्यांचं दुःख खोटं होतं असं कोणी समजू नका.

दुर्वामावशी पहिल्या रांगेत होती. ती जागा त्या दिवशी ज्यांच्याकडचं गेलं त्यांच्यासाठी राखीव असे. कान पाडायची वेळ झाली. सगळ्यांचे कान खाली गेले. मावशीचे कान ताठ उभे होते.

कान समितीची एक बाई वाकून तिच्या कानात म्हणाली, "मावशी, कान."

मावशी हलली नाही. ती मुकुंदकडे बघत होती.

त्याच रांगेतल्यांनी वळून पाहिलं. मग मागच्यांनी माना उंच केल्या. मग भाऊसाहेबांनी पाहिलं. मंचावरून मुकुंदराव पाहत होते, डोळे पाण्याने भरलेले, आणि ते मायेने मान हलवून खुणावत होते की पाड, मावशी, पाड, तुलाच बरं वाटेल.

खूप वेळ गेला. दोन मिनिटांपेक्षा नक्कीच जास्त.

मग तिचा एक कान खाली आला. मग दुसरा.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. कोंबांचं वाटप सुरू झालं. शेजारची सशीण मावशीच्या पंजात दोन कोंब जास्तीचे ठेवत म्हणाली, "जिवाला लावून घेऊ नका. पण काय बोलतो हो पोरगा! ऐकत राहावंसं वाटतं."

दुर्वामावशीने डोळे पुसले. कोंब हातात तसेच होते.

"तर!" ती म्हणाली. "लहानपणापासून मीच वळण लावलंय त्याला."

तात्पर्य : मुलांनो, कोणाचा जीव वाचवायचा असेल तर आधी चार जणांना विचारावे. ते नको म्हणतील. पण संध्याकाळी सभेला नक्की येतील.