अकरा जोड हातमोजे

दर सोमवारी सकाळी बाभुळगावजवळच्या भगवानरावांच्या गट्टूच्या कारखान्यात बारा बाया तळहात पुढे करून ओळीने उभ्या राहायच्या. अंगणात, फुटपाथवर बसवतात ते सिमेंटचे गट्टू इथे होतात, आणि ओलं सिमेंट कातडी हळूहळू खातं. हजेरी लिहिणाऱ्या कौसल्याताई एकेकीचे हात उजेडात धरून बोटांच्या बेचक्यासुद्धा तपासायच्या आणि वहीत नोंद करायच्या. हे काम त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

वहीतल्या नोंदी त्यांनी कळवल्या, तेव्हा यवतमाळहून डॉक्टरबाई आल्या. इंदूबाईंच्या भेगाळलेल्या हातांपाशी थांबल्या.

"पंधरा दिवसांनी परत येते. हात असेच राहिले, तर यांना ओल्या मालावरून कायमचं हलवा."

इंदूबाईंचा चेहरा उतरला. साच्यात लाल-पिवळा रंग भरावा तर त्यांनीच. बसस्टँडसमोरचे फुलांचे गट्टू त्यांच्या हातचे. "मंग मले घरीच बसवा न," त्या पुटपुटल्या.

कौसल्याताईंना भांडता येत नाही. त्या भगवानरावांच्या टेबलासमोर जाऊन नुसत्या बसल्या. दुपारपर्यंत बसल्या. भगवानरावांचा चहा दोनदा गार झाला, तेव्हा त्यांनी फोन उचलला आणि रबरी हातमोज्यांचे बारा जोड मागवले.

मोजे आले, वाटले गेले. दुसऱ्या दिवशी बघतात तर एकट्या कहकशांच्या हातात मोजे, बाकी अकराजणींचे हात उघडे.

"काहून वं इंदूबाई?"

"ताई, पितरायचे दिवस लागले न. नवं कोरं कोनी घालते का? तुमी तर एवढ्या देवधर्माच्या, तुमाले काय सांगाव."

कौसल्याताईंनी स्वतःसुद्धा नवं लुगडं सर्वपित्रीनंतरच काढायचं ठरवलं होतं. पण पितृपक्ष संपेपर्यंत डॉक्टरबाई दारात उभ्या राहणार होत्या.

रात्रभर विचार करून त्यांनी तोड काढली. नवं चालत नाही, तर जुनं करावं. बुधवारी त्यांनी अकराही जोड परत मागितले आणि एकेक जोड अर्धा अर्धा तास स्वतः घातला. मोजे घालूनच हजेरी लिहिली, मोजे घालूनच फोन उचलला. बाहेर उन्हाचा चटका, आत घामाची धार.

"ताई, हात शिजून राह्यले काय?" कहकशांनं विचारलं.

"पितरांना दिसायला पाहिजे, माल वापरलेला आहे म्हणून," कौसल्याताई म्हणाल्या आणि सातवा जोड चढवला.

गुरुवारी त्यांनी मोजे धुऊन परत दिले. शुक्रवारी पुन्हा अकराजणींचे हात उघडे.

आता कौसल्याताई खरोखरच खाली बसल्या. "आता तर जुने झाले न, बाई?"

"जुने कायचे?" इंदूबाईंनी हात जोडले. "तुमी सोळा सोमवारवाल्या. तुमच्या हातचे उतरले, म्हनजे परसादच झाला. सिमेंटात कसे बुचकळू? म्या देवाजवळ ठेवले, कुंकू लावून."

"मीबी," मागून आवाज आला. मग आणखी चार.

कहकशां हसत हसत गट्टूंच्या ढिगावर टेकली. "एकदम पक्कं काम केलं ताईनं."

कौसल्याताईंचा आवाज नेहमीसारखाच हळू होता.

"प्रसाद आहे म्हणता ना? मग प्रसाद कोणी ठेवून देतं का? मिळाला की घ्यावा. न घेता उठणाऱ्याची काय गत होते, ते दर पूजेला ऐकता तुम्ही."

अकराजणींनी एकमेकींकडे पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत घरं गाठली गेली. दुपारी अकरा जोड हात रबरात होते, त्यातल्या सहांवर कुंकवाचा ठिपका.

ठरल्याप्रमाणे पंधराव्या दिवशी डॉक्टरबाई आल्या. इंदूबाईंच्या भेगा भरत आल्या होत्या. "छान. यांना कुठेही हलवू नका. फक्त ओल्यात हात घालायचा तर मोजे घालूनच," त्या म्हणाल्या. इंदूबाईंनी पदरानं डोळे टिपले. "हे जमवलं कोणी? बघू, वही द्या," डॉक्टरबाई म्हणाल्या.

वही देताना कौसल्याताईंचे हात पुढे आले. मनगटापासून बोटांपर्यंत लालबुंद, घामोळ्यांनी भरलेले. डॉक्टरबाईंनी शेवटची नोंद वाचली. कौसल्याताईंच्याच अक्षरात लिहिलं होतं : कौसल्या, दोन्ही हात, खाज. दहा दिवस.

"दहा दिवस अंगावर काढलं? आता आठ दिवस पाण्यात हात घालायचा नाही."

"पण माझा रोजचा अभिषेक..."

"नाही म्हणजे नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे दार वाजलं. इंदूबाई आल्या होत्या. "पानी मी घालतो, मंतर तुमी म्हना," म्हणत त्या सरळ देवघरात गेल्या. कौसल्याताईंनी डोळे मिटून मंत्र सुरू केला. धार पडू लागली तसा कसलासा करकर आवाज आला, म्हणून त्यांनी एक डोळा उघडला.

इंदूबाईंनी हातमोजे घातले होते.

"डाक्टरीन म्हने, ओल्यात हात घालाचा तर घालूनच," त्या म्हणाल्या. "थांबल्या काहून? म्हना न."