हाडांच्या गडावरील जोडऔषधांची मोहीम

श्री धन्वंतरी प्रसन्न, ऐकणारांचे रक्त निर्मळ असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, आषाढमासी राज्यात रक्ताच्या कर्करोगाचा गनीम मातला. हाडांच्या गडात, जेथे रक्त निपजते, तेथेच त्याणे ठाणे घातले. गडात भावाबहिणीच्या मूळपेशींचे नवे बीज पेरावे तरी आधी गनीम काढणे प्राप्त. तो राहिल्यास बीज टिकत नाही, आणि बीज न टिकल्यास रुग्ण टिकत नाही. एकेक औषध धाडून पाहिले, ते पुरे न पडे. मग राजवैद्य निळोपंत यांणी मिशीवर हात फिरवोन अर्ज केला की, दोन औषधे एकदम सोडू. आणि दरबाराने परीक्षा नेमिली: चिठ्ठ्या टाकाव्या, अर्ध्या रुग्णांस एक औषध, अर्ध्यांस जोडी.

पंतांच्या रुग्ण हौसाबाई शिंत्रे, तोंडाच्या मोठ्या फटकळ, यांस जोडीची चिठ्ठी आली. मग औषधे सुरू जाहली, केस गेले, अन्न उतरेना, आणि अठ्ठाविसावे दिवशी रक्त पाहता गनीम नाही! पंतांस आनंद मावेना. त्यांणी बाईंचा भाऊ बोलाविला, बीजाचा दिवस धरला, आणि सबंध दवाखान्यात पेढे वाटले. वाहवा पंत, घाई पाहावी तर तुमची! हाडातील मगज, म्हणजे मज्जा, तपासल्याविना फत्ते म्हणू नये हा तेथील रिवाज, आणि तो घातला खुद्द पंतांनीच. सूक्ष्मदर्शकावर तीस वर्षे बसलेल्या दुर्गाबाईंनी आपला पेढा डबीत ठेविला आणि म्हणाल्या, "पंत, रक्त गोड बोलते. हाडात काय आहे ते बघू द्या, मग खाईन." मग कमरेच्या हाडातून मगज काढिला, तो शंभर पेशींत सात गनीम दडलेले. पंतांचे तोंड एवढेसे जाहले. तैसेच हौसाबाईंपुढे गेले आणि म्हणाले, "चूक माझी, बाई. आणखी एक फेरी घ्यावी लागेल." बाईंचे डोळे भरले. मग पदराने पुसोन बोलल्या, "माझ्या भावाला परत पाठवू नका. आणि पेढे खाल्लेत ना? आता पचवून दाखवा!"

मग जोडी पुन्हा चढविली, बाई तापाने फणफणल्या, पंत खाटेपासोन हलले नाहीत, आणि भाद्रपदात मगज पुन्हा पाहिला. दुर्गाबाई चार वेळा भिंग फिरवोन बोलल्या, "गड मोकळा." मग भावाचे बीज चढविले, आणि सतरावे दिवशी नव्या पांढऱ्या शिपायांची पहिली तुकडी रक्तात उतरली. तेव्हा दुर्गाबाईंनी डबी उघडिली. पेढा दगड जाहला होता. त्यांणी तो पंतांसमोर कडाकडा चावोन खाल्ला.

हकीकत येणेप्रमाणे जाहली. जोडी थोर की एकटे औषध, हे सर्व रुग्णांचा निकाल आल्यावर दरबार ठरवील. हौसाबाई मात्र आपल्या पायांनी घरी गेल्या, आणि पंत आता आधी मगज पाहतात, पेढे मागाहून आणवितात.