मोकळीक: फक्त महिलांसाठी

स्त्रिया एकमेकींशी मोकळेपणाने बोलू लागल्या की समाज पुढे जातो, हे सर्वमान्य आहे. (वसईच्या भाजीबाजारात त्या रोज बोलतात, पण ते विनापासवर्ड असल्याने धरलं जात नाही.) ही उणीव भरून काढण्यासाठी गोखिवऱ्याच्या संपदा चुरीने विमा कंपनीतली नोकरी सोडून 'मोकळीक' नावाचं ॲप काढलं. राजीनामा देताना तिने साहेबांना त्यांच्या स्वभावाविषयी चार शब्द सुनावले होते, त्यामुळे परतीचा रस्ता जरा चढाचा होता. गुंतवणूकदारांची अट एकच होती: महिनाअखेरीस हजार महिला सभासद, नाहीतर ॲप बंद.

नियम तीननुसार पुरुषांना सक्त मनाई होती. (नियमांचं शुद्धलेखन तिच्या नवऱ्याने, जितेशने, तपासलं.)

एकोणीस दिवसांत हजार सभासद झाले! संपदाला आभाळ ठेंगणं झालं. फक्त एक गोष्ट तिला खटकली. रविवारी सकाळी अकराला, म्हणजे तालुक्यातली एकही बाई ओट्यापासून हलू शकत नाही अशा वेळी, आठशे सभासद ऑनलाइन असत आणि शेअर बाजारावर बोलत.

तिने भुईगावच्या इझाबेल या सभासदाला फोन लावला. उचलला पुरुषाने.

"मी तिचा नवरा, ॲन्सेल्म. ती वाडीत गेलीय. तू मेसेज टाक ना, मी तिच्या नावाने उत्तर देतो."

मग ती नंदाखालला दुसऱ्या सभासद सुशीलाकाकूंच्या घरीच जाऊन धडकली.

"अगं, गॅस, रेशन, शाळा, सगळीकडे यांचाच नंबर," काकू म्हणाल्या. "ओटीपी यांनाच येतो, मग हेच चालवतात. बरं झालं बाई, यांनाही चार मैत्रिणी मिळाल्या!"

सखोल तपासणीअंती हजार खात्यांची विभागणी अशी निघाली: नवरे ८११, मुलगे १३४, दीर ४७, एका सोसायटीचे सेक्रेटरी (सात फ्लॅटांच्या वतीने) ७, आणि महिला १. ती संपदा.

तिला रडूच कोसळलं. वर्षभर राबून तिने तालुक्यातल्या नवऱ्यांना गप्पा मारायला पार बांधून दिला होता. तिने गुंतवणूकदारांना सगळं खरं कळवलं. उलटटपाली अभिनंदन आलं: खरेदीचा निर्णय घेणारे हजार ग्राहक आयते मिळाले आहेत, नियम तीन मुळीच काढू नका, त्याच्यामुळेच तर ते येतात.

संपदाचं डोकं फिरलं. तिने त्याच दिवशी नियम चार आणला: सभासदाने घरातल्या बाईचा मोबाइल नंबर, कुठेही न बघता, अर्ध्या मिनिटात टाकावा. न आल्यास खातं बंद.

महिनाअखेरीस सभासद उरले तेरा. गुंतवणूकदार गेले आणि सोमवारी संपदा साहेबांच्या केबिनबाहेर बाकावर बसली होती. साहेबांनी तिला दीड तास बसवलं, हे रीतसरच झालं.

वाचकांपैकी जे हसले असतील त्यांनी फोन पालथा ठेवून आपल्या बायकोचा नंबर मोठ्याने म्हणावा. शेवटचे चार आकडे आले तरी चालतील.