तळमजल्याचा कार्यभार

सोमवारी सकाळी आमच्या कार्यालयाचा तळमजला पंधरा दिवसांच्या अर्जित रजेवर गेला. अर्ज रीतसर होता. कारण घरगुती, रजेच्या काळातला पत्ता हर्णै बंदर. सहसंचालक कोठावदे साहेबांनी शुक्रवारी अर्जांच्या चळतीवर नेहमीप्रमाणे नावं न वाचता सह्या केल्या, त्यात तोही मंजूर झाला. एक्केचाळीस वर्षांत त्याने एक सुटी घेतली नव्हती. हक्कच होता त्याचा.

दहाला आम्ही पोचलो, तेव्हा पहिला आणि दुसरा मजला आपापल्या जागी होते आणि त्यांच्याखाली चौदा फूट मोकळी हवा. जाताना तळमजल्याने टपालाची टेबलं, पाण्याची पिंपं आणि चहाची शेगडी कडुनिंबाखाली नीट मांडून ठेवली होती.

आमच्या अंतर्गत साहाय्य शाखेच्या प्रमुख दुसाने मॅडम यांनी दोन वर्षं खपून ‘सेवा-सातत्य आराखडा’ लिहिला होता. काहीही कोसळलं तरी टपाल, पाणी आणि चहा कसा चालू राहील, याची एकशे बारा पानं. लिहिला होता मात्र स्वतःच्या रजेसाठी. मुलगी भिलाईला, पहिलं बाळंतपण, डॉक्टरांनी प्रवास मना केलेला. मॅडमचा अर्ज तीनदा ‘सेवा खंडित होईल’ असा शेरा घेऊन परत आला होता. शेवटी साहेब म्हणाले होते, आराखडा एकदा खरा करून दाखवा, मग खुशाल जा. आणि मॅडमची गाडी आज चारची होती.

मॅडमनी त्या मोकळ्या हवेकडे पाहिलं, त्यांचे डोळे लकाकले आणि त्या मला म्हणाल्या,

“गोसावी, पान सत्त्याऐंशी काढा! मुख्य जागा अनुपलब्ध! अहो, खरंच अनुपलब्ध झाली हो!”

मग काय विचारता! शेजारच्या मंगल कार्यालयातून मांडववाल्यांची शिडी आली. दोराला बादली बांधून टपाल वर जाऊ लागलं, दुसऱ्या बादलीतून चहा. दहा वाजून वीस मिनिटांनी पहिला कप दुसऱ्या मजल्यावर गरम पोचला, तेव्हा मी चक्क टाळ्या वाजवल्या.

पावणेअकराला साहेब आले, म्हणजे वेळेवरच. शिडी चढले, चहा प्यायले आणि खिडकीतून खाली वाकले.

“मॅडम, सगळं झकास. पण रजेवर गेलेल्याचा कार्यभार कोणाकडे दिलाय?”

सत्त्याऐंशीव्या पानावर ते नव्हतं. कुठल्याच पानावर नव्हतं.

“अकराच्या आत कळवा,” साहेब म्हणाले. “नाहीतर सेवा दहापासून खंडित धरावी लागेल. नियम आहे, माझा इलाज नाही.”

“पहिल्या मजल्याकडे द्या ना,” मी कुजबुजलो.

“आणि तो खाली उतरला, तर त्याच्या जागी कोण?” मॅडम म्हणाल्या. त्या घटकाभर आपल्या चपलांकडे बघत राहिल्या. “गोसावी, तळमजल्याच्या लगत खाली कोण आहे?”

“खाली? जमीन आहे, मॅडम.”

“सेवा किती?”

“इमारतीच्या आधीपासूनची.”

“मग ज्येष्ठच की हो!”

मी घाईघाईने कार्यभार अहवाल लिहिला. मॅडमनी तो मातीवर पालथा ठेवला, दोन मिनिटं थांबून उचलला. सहीच्या जागी तांबूस शिक्का उमटला होता. कागद बादलीतून वर गेला. अकराला तीन मिनिटं कमी होती.

“सही ओळखीची वाटत नाही,” साहेब वरून म्हणाले.

“पहिल्यांदाच कार्यभार घेतलाय, साहेब!”

साहेबांनी चष्मा पुसला, कागद फाइलला लावला. मॅडमचा रजेचा अर्ज लगेच पुढच्या बादलीत होता.

“आणि तुमचा कार्यभार?”

“तोही जमिनीकडेच. अतिरिक्त.”

या वेळी साहेबांनी नाव नीट वाचलं आणि सही केली. मॅडम रिक्षाकडे अक्षरशः धावत सुटल्या.

जमिनीने शाखा छान सांभाळली. टपाल सकाळी लावलेलं सापडायचं, पाणी गार असायचं. नवव्या दिवशी भिलाईहून फोन आला.

“गोसावी, मुलगी झाली! दोघी सुखरूप आहेत! तिकडे काही अडलंय का?”

“नाही, मॅडम.”

“माझी आठवण कोणी काढली?”

मी खरं ते सांगितलं. “कामासाठी तरी नाही, मॅडम.”

पलीकडे एक तान्हं रडू लागलं आणि मॅडम मोठ्यांदा हसल्या.

“मग अजून पंधरा दिवस वाढवून घ्या!”

वाढीव रजेचा अर्ज मी कडुनिंबाखाली जमिनीवर ठेवला. संध्याकाळपर्यंत त्यावर शिफारस उमटली.