दुकानाला दिवस गेले

गेल्या वर्षी आमच्या गादीच्या दुकानाला दिवस गेले. मूल डोईफोडे नवराबायकोचं. वैजयंतीबाईंना गर्भ पेलत नव्हता, दर वेळी पडायचा. मी शटर वर करतोय तोवर दोघं पायरीशी हजर. आता भवानीच्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाती परत लावायचं नाही, हा बाजाराचा रिवाज. आमच्या सासऱ्यांनी एकदा सकाळी पत्ता विचारायला आलेल्यालाही उशी विकली होती.

"आत कापूस आहे, ऊब आहे," चंद्रसेनराव म्हणाले. "नऊ महिने सांभाळा, शेठ."

डॉक्टरीणबाई तपासायला आल्या. भिंतीवरून हात फिरवून म्हणाल्या, "नियमानं याला स्वतःचं एक तरी मूल असायला हवं."

"स्टँडजवळ शाखा आहे," मी सांगितलं.

"धडधाकट आहे ना?"

"उन्हाळ्यात जरा मंदी असते. बाकी छान."

सह्या झाल्या.

पुढं दुकानाला मळमळायला लागलं. सकाळी सकाळी उशा रस्त्यावर फेकायचं. समोरचे सायकलवाले मुनाफभाई म्हणाले, "शेठ, दाराला कैरी बांधा." बांधली, उतार पडला. सातव्या महिन्यात वैजयंतीबाईंनी उंबऱ्याची ओटी भरली, शटरला हिरवं लुगडं नेसवलं. मग कान लावून म्हणाल्या, "लाथा मारतंय हो." त्या दिवशी त्या पहिल्यांदा हसलेल्या पाहिल्या.

मुलगी झाली. बाई घेऊन गेल्या, करारच तसा होता. पण घरी पोर झोपेना, रडून रडून निळी पडायची. शेवटी बाई तिला दुकानात घेऊन आल्या. गादीवर ठेवताच ती शांत झाली. बाई पाणी प्यायला बाहेर आल्या, आणि शटर आपोआप खाली आलं.

"माझ्यावर राग आहे का याचा?"

"राग नाही, बाई. सवय आहे."

संध्याकाळी उघडलं. तेव्हापासून रोज हेच. दुधाच्या बाटलीपुरतं शटर वीतभर उचलतं, पुन्हा टेकवतं. उघडायला मात्र रोज थोडा उशीर करतं. चंद्रसेनराव म्हणाले, कुलूपवाल्याला बोलावून कापून काढू. डॉक्टरीणबाईंनी मनाई केली. टाके अजून ओले आहेत.

परवा दिवेलागण झाली तरी उघडलं नाही. आतून पोरीच्या हसण्याचा आवाज येत होता. बाईंनी घरून चादर आणून पायरीवर अंथरली. फरशी गार. मी म्हटलं, थांबा, एखादी गादी देतो.

मग आठवलं, गाद्या सगळ्या आत.