आडवी बाटली

आमच्या लग्नाला यंदा पंधरा वर्षं झाली. दरवर्षी लग्नाच्या वाढदिवसाला मी ऋतुजाला साडी घेतो आणि दुसऱ्या दिवशी ती जाऊन बदलून आणते. (साडी. नवऱ्याच्या बाबतीत ती सोय नाही.)

यंदा मात्र ती म्हणाली, "साडी नको. मला एकदा वाईन चाखायची आहे."

मी पाटबंधारे खात्यात कारकून आहे. पाणी सोडून दुसऱ्या कुठल्या द्रवाशी माझा कधी संबंध आलेला नाही. पण ऋतुजाच्या शाळेतल्या आरोही मॅडम नाशिकला जाऊन वाईन चाखून आल्या होत्या आणि महिनाभर स्टाफरूममध्ये दुसरा विषय नव्हता.

"मला फक्त 'हो, घेतलीय' एवढं म्हणता यायला हवं," ऋतुजा म्हणाली. "गोड आणा. कडू निघाली तर तुम्हीच प्या."

पंधरा वर्षांत तिनं आपण होऊन काही मागण्याची ही पहिलीच वेळ. या वेळची भेट बदलायची पाळी येऊ द्यायची नाही, असं मी मनाशी ठरवलं.

गुरुवारी ऑफिस सुटल्यावर दुकान गाठलं. कुणी ओळखू नये म्हणून हेल्मेट डोक्यावरच ठेवलं. (सोलापुरात हेल्मेट घातलेला माणूस दिसला की लोक वळून बघतात, हे लक्षात आलं नाही.) काउंटरवर बसप्पा नावाचे मालक होते.

"या, पाटबंधारे," ते म्हणाले. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच लोंबत होतं.

"वाईन पाहिजे. पहिलीच वेळ आहे."

"ड्राय देऊ का?"

"आज ड्राय डे आहे?"

"ड्राय डे असता तर मी हितं बसलो असतो व्हय? ड्राय म्हंजे गोड नसलेली."

"मग ओली द्या."

बसप्पांनी हेल्मेटच्या काचेतून माझा चेहरा शोधायचा प्रयत्न केला. "सगळ्याच ओल्या असत्यात की साहेब. तुमाला स्वीट पाहिजे. नवीन माणसानं गोडच घ्यावी, हलकी असती. छोटी बाटली न्या. गार करा, आदी वास घ्या, मग घोट तोंडात फिरवा. सोबत चीज."

"शेंगाची चटणी चालेल?"

बसप्पांनी बाटली कागदात गुंडाळली. मग म्हणाले, "तुमचं घर, तुमची बाटली. फकस्त आडवी ठेवा. वाईनची बाटली आडवीच ठेवत्यात."

आडवी बाटली म्हटल्यावर मी एकदा दाराकडं वळून बघितलं. त्याला कारण माझ्या सासूबाई, रंभाबाई. मोहोळच्या पुढं त्यांचं गाव आहे. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं की ठेवायचं, यावर बारा वर्षांपूर्वी तिथं बायकांचं मतदान झालं. मतपत्रिकेवर दोन चित्रं होती. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. सासूबाईंनी घरोघर फिरून बाटली अशी आडवी केली, की आजही पंचक्रोशीत त्यांना 'आडव्या बाटलीच्या रंभाबाई' म्हणतात.

जुळे सोलापूर भागातल्या घरी पोचलो, तर दारात त्यांच्याच चपला. डोळे तपासायला आल्या होत्या आणि सोमवारपर्यंत राहणार होत्या. वाढदिवस रविवारी होता. मी उलटपावली खाली पार्किंगमध्ये गेलो, स्कूटरच्या किल्लीनं बाटलीचं लेबल खरवडून काढलं आणि वर येऊन बाटली फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, मेथीच्या जुडीखाली ठेवली. आडवी.

शुक्रवारी सकाळी सासूबाई मेथी निवडायला बसल्या.

"जावईबापू, ही कसली बाटली?"

खोटं बोलायचं तर आधी तयारी लागते. माझी नव्हती. रंग बघून तोंडाला जे आलं ते बोललो. "द्राक्षासव, मामी. भूक लागायला."

"लेबल न्हाय ते?"

"वैद्यांनी घरी केलंय."

"बरं झालं. मला बी जेवल्यावर दोन चमचे लागतंय."

हातातला चहा शर्टावर सांडला. तेवढ्यात ऑफिसची वेळ झाली आणि मी पळालो.

त्या दिवसापासून सासूबाई जेवण झालं की फ्रीज उघडायच्या, मोजून दोन चमचे घ्यायच्या आणि तोंड पुसायच्या. समोर बसून मी घामानं भिजायचो. गावाची दारू बंद करणारी बाई जावयाच्या घरात दोन वेळा वाईन घेत होती, आणि पाजणारा मी होतो. पण बाईंवर काडीचा परिणाम नाही. बोलणं तसंच, पाऊल तसंच. काय पचनशक्ती म्हणावी.

रविवारी संध्याकाळी त्या गल्लीतल्या मायाक्काकडं बसायला गेल्या. आम्ही दार लावून घेतलं. लग्नाच्या आहेरात आलेले आइस्क्रीमचे पेले पंधरा वर्षांनी खोक्यातून निघाले. मी बाटली ओतली आणि बसप्पांनी सांगितल्याप्रमाणे वास घेतला.

"लवंग," मी डोळे मिटून म्हणालो. "मागून दालचिनी."

"किती गोड आहे हो," ऋतुजा म्हणाली. "आरोही मॅडम उगीच नाही बोलत."

दुसऱ्या पेल्यानंतर मला खूप हलकं वाटायला लागलं. मी ऋतुजाचा हात धरून तिला सांगितलं, की तू नसतीस तर माझं काही खरं नव्हतं. हे मी पंधरा वर्षांत कधी बोललो नव्हतो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी असंही सांगितलं, की तुझ्या आईला मी अजिबात घाबरत नाही.

तेवढ्यात दार वाजलं. सासूबाई आत आल्या, पेल्यांकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "जेवायच्या आदीच घेतलं व्हय? आन् पेल्यानं?"

"आई, द्राक्षासव आहे ते," ऋतुजानं माझीच थाप पुढं केली.

"द्राक्षासवच हाय. माझ्या पिशवीतलं. शुक्रवारी तुमी दोगं कामावर गेल्यावर भरून ठिवलं. आदी जे व्हतं ते म्या मोरीत ओतलं. जावईबापू, बारा वर्सं बाटल्या हुंगत फिरलीया म्या."

"मग तेव्हाच का नाही बोललात?" मी कसंबसं विचारलं.

"वाडदिवस तोंडावर आलेला. म्हटलं, बाटली आडवी करायची असती, जावयाला न्हाय."

ऋतुजानं माझ्याकडं वळून विचारलं, "मग तुम्हाला एवढं चढलं ते कशानं?"

मी स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंच्या द्राक्षासवाची रिकामी बाटली शोधली. लेबलवर बारीक अक्षरात अल्कोहोलचा टक्का छापलेला होता. बसप्पांच्या गोड बाटलीवर होता, जवळपास तेवढाच. चष्मा पुसून पुन्हा वाचला. म्हणजे आडव्या बाटलीच्या रंभाबाई इतकी वर्षं दोन वेळा, जेवल्यावर...

"मामी," मी बाहेर येऊन छाती काढून म्हणालो.

"काय?"

"काही नाही. जेवल्यावर दोनच चमचे ना?"

सोमवारी ऋतुजानं स्टाफरूममध्ये सांगून टाकलं, "हो, घेतलीय. लवंगेचा वास होता." आरोही मॅडमनी लगेच विषय बदलला म्हणे. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच माझी भेट ऋतुजानं बदलून आणली नाही.

या वेळी ते काम तिच्या आईनं आधीच उरकलं होतं.